जावयाच्या सुटकेबद्दल आभार

तक्रार करण्यावर बंदी आली तेव्हा अर्जमामांना सगळ्यात आधी स्वतःच्या पोटाची चिंता पडली, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. देशाची चिंता करायला इतर माणसं होती, आणि ती त्या सुमारास एकेक करून दिसेनाशी होत होती. मामा मात्र सव्वीस वर्षं जिल्हा कचेरीच्या व्हरांड्यात, तिसऱ्या खांबापाशी टाइपरायटर मांडून बसलेले. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, ती सरकारी भाषेत बसवायची, कार्बन घालून तीन प्रती काढायच्या, खाली सही किंवा अंगठा घ्यायचा आणि माणसाला शेजारच्या खिडकीकडे पाठवायचं. 'सविनय तक्रार अर्ज' हे शब्द त्यांनी इतक्यांदा बडवले होते की मशीनवरची काही अक्षरं पार पुसून गेली होती. बोटांना ती पाठ होती म्हणून चालून जायचं.

बंदीमागचं तत्त्व मोठं घरगुती होतं. सात वर्षांपूर्वी रणगाडे घेऊन राजधानीत शिरलेल्या सेनापतींनी आधी स्वतःला 'रक्षक' म्हणवून घेतलं, मग 'महारक्षक', आणि तेवढ्यानंही भागेना तेव्हा 'थोरले वडील'. देश म्हणजे घर, घराला बाप एकच, आणि बाप करतो ते लेकरांच्या भल्यासाठीच, असं पहिलीच्या पुस्तकापासून तुरुंगाच्या दारापर्यंत सगळीकडे लिहिलेलं असे. घरही जुन्या वळणाचं हवं. बायकांनी चूल सांभाळावी, कामगारांनी मालकाला उलटून बोलू नये, मास्तरांनी पुस्तकात असेल तेवढंच शिकवावं, आणि ज्यांचे पणजोबा परमुलखातून आले त्यांनी आवाज खाली ठेवावा. थोरल्या वडिलांचे आजोबा स्वतः परमुलखाच्या बोटीतून उतरले होते म्हणे, पण ही गोष्ट ज्या प्राध्यापकाला माहीत होती तो आता हयात नव्हता.

अशा घरात तक्रार म्हणजे बापाला उलट उत्तर. तेव्हा एका सोमवारी फतवा निघाला की यापुढे कोणाचीही तक्रार घेतली जाणार नाही. ज्यांना सरकारला काही कळवल्याशिवाय राहवतच नाही त्यांनी आभार कळवावेत. कचेरीच्या खिडकीवरची 'तक्रार' ही पाटी उतरवली, नवीन पाटीचा खर्च कशाला म्हणून तिच्याच पाठीवर 'कृतज्ञता' असं रंगवलं आणि ती परत टांगली. वारा आला की पाटी फिरायची आणि घटकाभर जुना शब्द दिसायचा. दोन दिवसांनी खिडकीवाल्याने तिला खिळा ठोकला.

हा खिडकीवाला कारकून म्हणजे मामांचा बावीस वर्षांपासूनचा शेजारी. बारीक, सदा खोकणारा, कमालीचा पापभीरू. आवक शिक्का त्याच्या ताब्यात असे. पूर्वी एकदा तो शिक्का चोरीला गेला होता आणि चौकशीत याची बढती गेली होती. तेव्हापासून शिक्का आणि शाईची डबी एका कापडी पिशवीत घालून तो ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवी आणि जेवतानासुद्धा कोट काढत नसे. शिक्क्याचा मानच तसा होता. कागदावर एकदा शिक्का बसून नंबर पडला की कागद सरकारचा झाला. मग तो फाडणं, परत देणं किंवा गहाळ करणं हा गुन्हा, करणारा कितीही मोठा अधिकारी असो. नियम जुन्या काळचा होता, पण नव्या सरकारने तो आनंदाने ठेवून घेतला, कारण नियम म्हटलं की त्यांना गहिवरून येई.

तीन आठवडे मामा माशा मारत बसले. चौथ्या आठवड्यात खालच्या गल्लीतली बेकरीवाली आली. तिच्या भट्टीसमोरचं गटार सहा महिने फुटलेलं होतं.

"तक्रार लिहा," ती म्हणाली.

"बंद आहे, बाई."

"मग चालू काय आहे?"

"आभार."

"फुटक्या गटाराचे आभार मानू मी?"

मामांना त्या दिवशी काय वात्रटपणा सुचला कोण जाणे. माशांचा कंटाळा आला असावा. त्यांनी कागद चढवला आणि टाइप केलं: 'आमच्या गल्लीतील गटार गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेस नवीन सिमेंट घालून तत्परतेने दुरुस्त केल्याबद्दल थोरल्या वडिलांचे साश्रू आभार.' बेकरीवालीने तो वाचून घेतला, नाकाला पदर लावून थोडा विचार केला आणि म्हणाली, "यातलं साश्रू तेवढं खरं आहे." मग सही केली.

आठव्या दिवशी नगरपालिकेचा इंजिनिअर सिमेंटची पोती घेऊन धापा टाकत गल्लीत हजर.

झालं असं होतं, की आभाराचा कागद शिक्का लागून राजधानीला जाई. तिथे निवडक आभार एका गुळगुळीत मासिकात छापत आणि छापायच्या आधी फोटोग्राफर पाठवत. आता गटार अजून फुटकंच आहे असं वर कळवायचं म्हणजे सरकारने काम केलेलं नाही असं लेखी द्यायचं. म्हणजे ती तक्रारच की! कागद फाडायची सोय नाही, कारण वर शिक्का. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशी इंजिनिअरची गत झाली, आणि त्याने निमूटपणे गटार बांधलं.

मामांना जणू दुसरं तारुण्य आलं. हळूहळू त्यांनी या धंद्याचे नियम बसवले. तारीख नेहमी मागची घालायची. काम झालं असं लिहायचं, व्हावं असं कधी नाही. आणि तपशील भरपूर, म्हणजे पळवाट राहत नाही: नुसता 'पूल' लिहिलात तर दोन फळ्या टाकून जातील, 'दोन्ही बाजूंनी हिरवा कठडा असलेला पूल' लिहा. शाळेचं छप्पर झालं, दवाखान्याला डॉक्टर मिळाला, एका म्हाताऱ्याची जप्त झालेली सायकल नव्या घंटीसकट परत आली, कारण मामांनी घंटीचेही आभार मानले होते. सव्वीस वर्षांत विनवण्या करून जेवढं झालं नव्हतं तेवढं सहा महिन्यांत झालं. मासिक मात्र जाडजूड होत चाललं. या जिल्ह्यातली प्रजा देशात सर्वांत समाधानी, असा त्यात एक अग्रलेखही आला. मामांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. खोटं का बोला, त्यांना तेव्हा फारसं वाईट वाटलं नाही.

वरच्या गल्लीच्या दिव्याचं तेवढं वेगळं झालं. आभाराप्रमाणे खांब आला, खांबावर दिवा आला, फोटोग्राफर भर दुपारी येऊन फोटो काढून गेला. तार मात्र जोडलेलीच नव्हती. दिवसाच्या फोटोत दिवा पेटलेला की विझलेला, कोणाला कळतंय? मामांनी ही गोष्ट घरी हसत हसत सांगितली. लेक हसली नाही.

लेक औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि चार महिन्यांपूर्वी नवऱ्याला धरून नेल्यापासून बापाकडे राहत होती. जावई गणिताचा मास्तर. शहराच्या मधोमध थोरल्या वडिलांच्या विजयाचा मनोरा होता (कोणावरचा विजय ते विचारायची पद्धत नव्हती), आणि तो शंभर मीटर उंच असल्याचं पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं. जावयाने सातवीच्या मुलांना मैदानावर नेऊन सावलीवरून उंची काढायला शिकवलं. एक काठी रोवायची, तिची सावली मोजायची, मनोऱ्याची सावली मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं. उत्तर आलं एक्क्याऐंशी. "पुन्हा मोजा," मास्तर म्हणाले. त्या भल्या माणसाला मनापासून वाटलं की मुलांचंच चुकलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एक्क्याऐंशी. मुलांनी ते घरी जाऊन सांगितलं, आणि एका मुलाचे वडील शिस्त खात्यात होते. दुसऱ्या दिवशी मास्तरांना वर्गातूनच नेलं. धक्काबुक्कीत चष्मा फुटला. आरोपपत्रात पहिलंच कलम होतं: 'राष्ट्राची उंची एकोणीस मीटरने कमी करणे.'

गावाबाहेरच्या जुन्या कापसाच्या गोदामाला आता शिस्तगृह म्हणत. तिथे जावई दोनशे चौदा नंबरचा कैदी होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहा मिनिटं, जाळीच्या पलीकडून भेट.

एका संध्याकाळी मामांनी विषय काढला. "मी काय म्हणतो, आपणही आभार मानून बघू."

"कसले?"

"जावईबापूंना सोडल्याबद्दलचे."

लेक नवऱ्यासाठी स्वेटर विणत होती. गोदामात ओल फार होती. तिने सुया खाली ठेवल्या. "तो सुटलेला नाही, बाबा."

"गटार तरी कुठे दुरुस्त झालं होतं?"

"माझा नवरा गटार नाही."

"अगं, तत्त्व तेच आहे."

"आणि त्या दिव्याचं काय?"

"दिव्याचं सोड. दिवा निर्जीव, त्याला कोण ओळखतं! इथे फोटोत चालताबोलता माणूस लागणार, तोही बायकोशेजारी. असा माणूस काय बाजारात मिळतो? त्यालाच सोडावं लागेल."

मामांनी मग बेकरीवालीपासून सायकलच्या घंटीपर्यंत सगळी उदाहरणं दिली. त्यांची खात्री होती, आणि खात्रीपेक्षा जास्त होता तो कसबाचा गर्व. गावभर सगळ्यांची कामं करून देणारा माणूस पोटच्या पोरीपुढे हात चोळत बसतो, हे त्यांना चार महिने सलत होतं.

"सही करते," शेवटी लेक म्हणाली. "पण तुमच्यावर भरवसा म्हणून करते. कागदावर नाही."

मामांनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा मजकूर लिहिला. 'माझे पती, कैदी क्रमांक दोनशे चौदा, यांस चालू महिन्याच्या नऊ तारखेस, निरोगी अवस्थेत, नवीन चष्म्यासह, सन्मानपूर्वक मुक्त करून आमचा संसार पुन्हा उभा केल्याबद्दल थोरल्या वडिलांचे आभार मानावे तेवढे थोडेच.' चष्मा घालायची कल्पना अर्थातच तपशिलाच्या नियमातून आली होती.

खिडकीवाल्याने कागद वाचला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. "मामा, विचार केलाय ना? शिक्का बसला की माघार नाही."

"मार रे."

त्याने शिक्का मारला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मामा लेकीबरोबर गोदामावर गेले. सोडलं नसेल तर भेट होईल, सोडलं असेल तर बरोबरच घेऊन येऊ, असा त्यांचा हिशेब. फाटकापाशी रांग होती. तासाभराने त्यांचा नंबर लागला. फाटकावरच्या जमादाराने वही उघडली, बोट खाली आणलं आणि मान वर न करताच म्हणाला, "दोनशे चौदा? सुटला."

लेकीने बापाचा हात घट्ट धरला. "कधी?"

"नऊ तारखेला. निरोगी अवस्थेत, नवीन चष्म्यासह." त्याने वहीला टाचलेला कागद उलटून दाखवला. "ही काय, तुमचीच सही."

"मग तो आहे कुठे?"

"बाई, नवरा तुमचा. सुटून घरी आला नसेल तर आम्ही काय करायचं? पुरुषाच्या जातीचं काय सांगावं."

आत अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. त्यात एक निळ्या रेघांचा शर्ट होता. लेकीने बोट दाखवलं. "तो त्याचा शर्ट आहे. ते वरचं बटण मी लावलंय, काळ्या दोऱ्यानं. निळा दोरा संपला होता."

जमादाराने शर्टाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. दोघांपैकी खरं कोण याबद्दल त्याच्या मनात क्षणभरही शंका आली नाही. "शर्ट राहिला असेल," तो म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. "आणि तुमची भेटीची चिठ्ठी इथे जमा करा. सुटलेल्या माणसाला भेट नसते."

परत येताना लेक एक अक्षर बोलली नाही. मामांना वाटत होतं तिने ओरडावं, दोष द्यावा, निदान रडावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. कालपर्यंत माणूस कोंडलेला होता, पण त्याला नंबर होता, वहीत ओळ होती, महिन्याला दहा मिनिटं होती. मामांनी सुबक मजकूर लिहून ते सगळं पुसून टाकलं होतं. आता उद्या आत त्याचं काही बरंवाईट झालं तर ते कोणाचंच झालेलं नसणार. मामा वाटेत एका पायरीवर बसले आणि भर रस्त्यात रडले. लेक शेजारी उभी राहून वाट बघत राहिली.

खिडकीवाल्याने नंतर सांगितलं त्यावरून उलगडा झाला. माणूस सोडायचा हुकूम फक्त राजधानीतून निघतो. जिल्ह्याच्या कृतज्ञता अधिकाऱ्याच्या हातात ते नव्हतं. त्याच्या हातात वही होती. तेव्हा त्याने वही दुरुस्त केली.

"पण फोटोग्राफर?" मामा एकदम सावरून म्हणाले. "फोटोग्राफर येणारच असेल ना?"

"बुधवारी सकाळी," खिडकीवाला म्हणाला, आणि मामांची नजर चुकवून खोकत निघून गेला.

बुडत्याला काडीचा आधार. फोटोला माणूस लागणार, या एका गोष्टीवर मामा पुन्हा उभे राहिले. बुधवारी त्यांनी पहाटेपासून घर झाडलं, खिडकीजवळ खुर्ची मांडली. लेकीचा विश्वास नव्हता, तरी तिने पुरा झालेला स्वेटर घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आशा मोठी चिवट असते, नको म्हटलं तरी घर सोडत नाही.

दहा वाजता कृतज्ञता अधिकारी आला. गुबगुबीत, छातीवर थोरल्या वडिलांचा बिल्ला. त्याच्यामागून फोटोग्राफर, तिपाई घेऊन. आणि सगळ्यांत शेवटी, उंबऱ्यापाशी अडखळत, डोळ्यांवर कोणाचा तरी नवाकोरा चष्मा चढवून, खिडकीवाला.

"हे आमचे सुटून आलेले मास्तर," अधिकारी फोटोग्राफरला म्हणाला. फोटोग्राफरला कोण कोणाचा नवरा याच्याशी कर्तव्य नव्हतं. तो उजेड बघत होता.

मामा आ वासून बघत राहिले. बाजारात मिळत नाही म्हणाले होते तो माणूस चांगला बावीस वर्षं त्यांच्या शेजारी बसत होता.

"बसा, मास्तर, बसा," अधिकाऱ्याने खिडकीवाल्याला खुर्चीत दाबलं. "अरे वा, स्वेटरसुद्धा तयार आहे! घाला, घाला. घरची ऊब दिसली पाहिजे." त्याने स्वतःच तो स्वेटर खिडकीवाल्याच्या डोक्यातून खाली ओढला, कोटावरूनच. बाह्या लांब होत्या. खिडकीवाल्याची बोटंही दिसेनात. "बाई, तुम्ही इथे. हात खांद्यावर. जरा हसतमुख."

लेक जागेवरून हलली नाही. ती त्या लोंबणाऱ्या बाह्यांकडे बघत होती. चार महिने तिने त्या मापाने विणल्या होत्या, आठवणीने.

"बाबा," ती म्हणाली, "मला तक्रार करायची आहे."

अधिकारी हसला. "बाई, तक्रार बंद झाली."

"तुमच्याकडे नाही करत. माझ्या वडिलांकडे करतेय. लेक बापाकडे तक्रार नाही करणार तर कोणाकडे करणार?"

आता मामा काही शूरवीर नव्हते. शूर माणूस सव्वीस वर्षं 'सविनय' लिहीत नाही. पण समोर गाऱ्हाणं घेऊन माणूस उभा राहिला की पाय आपोआप मशीनकडे वळायचे, तसे ते आत्ताही वळले. कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांनी तीन कागद आणि दोन कार्बन चढवले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बोला. काय झालं?"

"माझा नवरा, कैदी दोनशे चौदा, कापसाच्या गोदामात आहे. नऊ तारखेला तो सुटलेला नाही. सुटला म्हणून मी सही केली ते खोटं होतं. त्याचा शर्ट तिथे दोरीवर वाळतोय. आज माझ्या घरात परक्या माणसाला त्याचा स्वेटर घालून बसवलंय. माझा नवरा मला परत द्या."

मामांनी शब्द न बदलता टाइप केलं. 'सविनय' घातलं नाही. लेकीने सही केली. मग मामांनी असं काही केलं जे अर्ज लिहिणारा कधीच करत नाही: खाली लिहिलं, 'आधीचा खोटा मजकूर माझा. हा खरा मजकूरही माझाच,' आणि आपलं पूर्ण नाव घालून सही ठोकली.

"फाडा तो," अधिकारी म्हणाला. आता तो हसत नव्हता. "दोघंही आत जाल. शिक्का नाही तोवर तो नुसता कागद आहे, द्या इकडे." तो हात पुढे करून टेबलाकडे निघाला.

खिडकीवाला खोकला. खुर्चीतून उठला. लांब बाही मागे सारून त्याने स्वेटरच्या गळ्यातून आत हात घातला, कोटाच्या खिशातली कापडी पिशवी काढली, डबी उघडली, शिक्का शाईवर टेकवला आणि अधिकाऱ्याचा हात पोचायच्या आत कागदावर मारला. मग पेनने नंबर घातला: तक्रार, एक.

अधिकाऱ्याचा हात जिथल्या तिथे थांबला. शिक्का मारलेला कागद फाडला म्हणून नोकरी गेलेली माणसं त्याने पाहिली होती. त्यांतल्या दोघांची तर त्यानेच घालवली होती. फोटोग्राफरला तेवढ्यात हवा तसा उजेड मिळाला, आणि त्याने फोटो काढून घेतला.

खिडकीवाल्याला पुढे चौकशीत पुष्कळदा विचारण्यात आलं की तू असं का केलंस. तो दर वेळी एकच सांगायचा, की कागद समोर आला होता, त्यावर सही होती, आणि शिक्का त्याच्याकडे होता. बंडखोरीचा याहून खोल पुरावा काही कोणाला सापडला नाही.

तक्रार क्रमांक एक राजधानीला गेली. जाणं भागच होतं. तिचं तिथे काय झालं ते अजून कोणाला कळलेलं नाही. मामांना दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामावर नेलं. खिडकीवालाही बरोबर होता. लेक फाटकापर्यंत चालत आली.

"मशीन न्यायला विसरलेत ते," ती हळूच म्हणाली. "दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी व्हरांड्यात मी बसेन."

"काय लिहिशील?"

"लोक सांगतील ते."

जमादाराने वही उघडली आणि डोकं खाजवलं. नवीन नंबर द्यायचा तर वरून मंजुरी आणावी लागते, आणि मंजुरीला महिना लागतो. त्याने पानं मागे चाळली आणि त्याचा चेहरा खुलला. "हा घ्या, रिकामा आहे," तो म्हणाला. "दोनशे चौदा." खिडकीवाल्याला मंजुरी येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवलं.

लेकीने पिशवीतून स्वेटर काढला. "हा दोनशे चौदाला द्यायचाय."

जमादाराने वही पाहिली. दोनशे चौदा समोरच उभा होता, आणि कैद्याला घरचं एक लोकरी कापड चालतं असा नियम होता. त्याने स्वेटर मामांच्या हातात दिला, आणि नियमाप्रमाणे लेकीला भेटीची नवी चिठ्ठीही फाडून दिली. पहिला शनिवार, दहा मिनिटं.

आत अंधार होता आणि ओलीचा वास. भिंतीकडेला माणसं बसली होती. त्यांतला एक उठला आणि डोळे बारीक करून, हाताने चाचपडत पुढे आला. दाढी वाढलेली, खांदे बसलेले.

"कोण, बाबा? तुम्ही? तुम्ही इथे कसे?"

मामांनी वाटेत पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. क्षमा मागायची होती, सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "नऊ तारखेला तुम्ही सुटलात. म्हटलं, अभिनंदन करून यावं."

जावयाला काही कळलं नाही. त्याने मामांच्या हातातला स्वेटर चाचपला, नाकाशी नेला, आणि मग घाईघाईने अंगात चढवला. बाह्या मनगटापर्यंत बरोबर आल्या.